पटकथा लिहायला आणि विकायला शिकायचंय, नेमकी कोणती पुस्तकं वाचू?

निळी शाई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारू की नको करत होते, आज विचारतेच.

माझ्या डोक्यात दोन वर्षांपासून एक गोष्ट आहे. दोन बहिणी, वडील गेल्यावर घर विकायचं ठरतं आणि ते रिकामं करायला दोघी चार दिवस एकत्र राहतात, बस एवढंच. आधी कथा म्हणून लिहिली होती, एका मैत्रिणीने वाचली आणि म्हणाली अगं ही कथा नाहीये, हा सिनेमा आहे, मला सगळं समोर दिसत होतं. तेव्हापासून पटकथा करायला बसतेय. तीनदा बसले. तिन्ही वेळेला चाळीस-पंचेचाळीस पानांपर्यंत मस्त जातं आणि मग गाडी रुतते. सुरुवात जमलीये, शेवट पक्का माहितीये, पण मधे दोघी नुसत्या बोलत बसतात आणि वाचताना मलाच कंटाळा येतो.

नोकरी सांभाळून लिहिते त्यामुळे कोर्स वगैरे सध्या शक्य नाही, पुस्तकांवरूनच शिकावं लागणार. पण शोधायला गेलं की पन्नास नावं समोर येतात, प्रत्येक जण म्हणतो हेच वाचा, आणि निम्म्या पुस्तकांच्या कव्हरवर लिहिलेलं असतं की पटकथा लिहा आणि विका. मला दोन्ही हवंय. लिहून कपाटात ठेवायला नाही लिहायचीये मला. तर ज्यांनी खरंच वाचून, लिहून बघितलंय त्यांनी सांगा ना, कुठून सुरू करू, काय वगळलं तरी चालेल, आणि विकायचं कसं हे पुस्तकातून शिकता येतं का. लिहिणार मराठीतच, इंग्रजी वाचायला अडचण नाही.

तिसरा अंक

तुमचा प्रॉब्लेम अगदी ओळखीचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सिड फील्डचं 'स्क्रीनप्ले' वाचा. १९७९ चं पुस्तक आहे. वाचताना वाटेल यात नवीन काय, हे तर सगळेच सांगतात, पण सगळे सांगतात कारण ती भाषा याच पुस्तकाने रुळवली. १२० पानांची पटकथा धरली तर पहिला अंक साधारण ३० पानं, दुसरा ६०, तिसरा ३०, आणि अंक बदलताना गोष्टीला दुसरीकडे वळवणारी एक घटना. आता हे तुमच्या पटकथेला लावून बघा. तुम्ही ४५ पानांवर अडकता म्हणजे दुसऱ्या अंकात पंधरा पानं आत गेल्यावर अडकता. बहुतेकांचं तिथेच अडतं. दुसरा अंक म्हणजे निम्मा सिनेमा, आणि 'दोघी चार दिवस एकत्र राहतात' ही नुसती परिस्थिती झाली, त्यातून साठ पानं निघत नाहीत. कुणाला तरी काहीतरी हवं असलं पाहिजे आणि ते सहजासहजी मिळता कामा नये.

फील्ड हे सांगतो पण साठ पानं भरायची कशी ते त्याच्याकडून तितकं कळत नाही. त्यासाठी पॉल जोसेफ गुलिनोचं 'स्क्रीनरायटिंग: द सीक्वेन्स अप्रोच' घ्या, २००४ चं आहे. फारसं कुणी नाव घेत नाही पण तुमच्या अडचणीवर मला माहीत असलेलं सगळ्यात नेमकं औषध हेच. तो म्हणतो पूर्ण लांबीचा सिनेमा साधारण आठ तुकड्यांचा असतो, एकेक तुकडा दहा-पंधरा मिनिटांचा. ही सवय रिळांच्या काळातली, एका रिळात तेवढंच मावायचं. प्रत्येक तुकड्याला स्वतःचा एक प्रश्न असतो, तुकडा संपताना तो सुटतो आणि सुटता सुटता पुढचा प्रश्न उभा करतो. म्हणजे लिहिणाऱ्याला साठ पानांचा डोंगर चढायचा नसतो, पंधरा पानांच्या चार टेकड्या चढायच्या असतात.

तुमच्याकडे तर चार दिवस आयतेच आहेत, दिवसाला दोन तुकडे. पहिल्या दिवशी सकाळी प्रश्न एवढाच की धाकटी येणार का. ती येते. पण दार वाजवत नाही, स्वतःकडच्या किल्लीने उघडून आत येते, आणि मोठीची तर समजूत होती की तिच्याकडे किल्ली नाहीच. झालं, संध्याकाळचा प्रश्न तयार, ही आपल्याला न सांगता मधे कधी या घरात येऊन गेली? मी आपलं सुचलं ते लिहिलं, तुमच्या बहिणी तुम्हाला जास्त माहीत. पण असं काही हातात असलं की दोघी नुसत्या बोलत बसणार नाहीत, एकमेकींकडून काहीतरी काढून घ्यायला बोलतील.

तिसरं, लायोश एग्रीचं 'द आर्ट ऑफ ड्रमॅटिक रायटिंग'. हे १९४६ चं आणि नाटकावरचं आहे, तरी पात्रं कशी उभी करायची यासाठी आजही याच्याइतकं ठणठणीत पुस्तक मी वाचलेलं नाही. पात्राच्या तीन बाजू तो लिहून काढायला लावतो, शरीर, समाजातली जागा आणि मन. पहिल्या दोन बाजू आपण बहुतेक वेळा सोडून देतो आणि थेट स्वभाव लिहायला घेतो, आणि मग सगळी पात्रं आपल्याच आवाजात बोलायला लागतात. दोन बहिणींची गोष्ट आहे म्हणजे एकच घर, एकच बाप, तरी दोघी इतक्या वेगळ्या का, हे तुम्हाला या तीन बाजूंतूनच सापडेल.

रॉबर्ट मकीचं 'स्टोरी' (१९९७) सगळे सांगतील. पुस्तक मोठं आहे, मोलाचं आहे, पण कृपा करून पहिला ड्राफ्ट पूर्ण होईपर्यंत हात लावू नका. सीन जिथून सुरू झाला त्याच्या उलट्या भावावर संपला पाहिजे, आशा असेल तर निराशेवर, विश्वास असेल तर संशयावर, नाहीतर तो सीन कशाला ठेवलाय असं तो विचारतो. पुनर्लेखनाच्या वेळी हा प्रश्न सोन्यासारखा आहे. पहिल्या ड्राफ्टच्या वेळी डोक्यात असला तर एक ओळ पुढे सरकू देत नाही.

रीळ

तिसरा अंक यांचा प्रतिसाद आवडला. त्यांनी 'सेव्ह द कॅट'चं नाव घेतलं नाही म्हणून मी घेतो, कारण धागाकर्तीला ते कुठे ना कुठे भेटणारच आहे.

ब्लेक स्नायडरचं आहे, २००५ चं, वाचायला एकदम सोपं, दोन बैठकीत संपतं. नावाचा अर्थ असा की नायक पहिल्यांदा दिसतो तेव्हा त्याने असं काहीतरी करावं, म्हणजे एखादं मांजर वाचवावं, की बघणारा त्याच्या बाजूचा होईल. पुढे पंधरा टप्पे दिलेत आणि कुठला टप्पा कितव्या पानावर यावा ते सुद्धा. बाराव्या पानावर ठिणगी, २५ ला दुसऱ्या अंकात उडी, ५५ ला मध्य, ७५ ला सगळं हातचं गेलं. मी हे पहिलंच पुस्तक म्हणून वाचलं आणि त्यानंतर दोन वर्षं जे जे लिहिलं त्याला तोच साचा बसला, ७५ वं पान आलं की कुणीतरी मरायचंच. माझा अनुभव सांगतो, हे पहिलं वाचू नका.

त्यातला फळ्याचा भाग मात्र जरूर घ्या. भिंतीवर चार आडव्या ओळी, साधारण चाळीस कार्डं, एका कार्डावर एक सीन, त्यात भाव कुठून कुठे गेला आणि कोण कुणाच्या विरोधात उभं आहे एवढं लिहायचं. मधला भाग रिकामा आहे हे पान उलटून कळत नाही, भिंतीवर बघितलं की एका नजरेत कळतं.

खिडकीतली जागा

मी थोडं वेगळं सांगते. पुस्तकं दोनच वाच (तू म्हटलं तर चालेल ना?) आणि पटकथा वाच पंचवीस. छापील संवादांचं पुस्तक नाही म्हणत मी, प्रत्यक्ष शूटिंगसाठी लिहिलेली पटकथा. बऱ्याच गाजलेल्या सिनेमांच्या पटकथा वाचायला मिळतात. आधी पटकथा वाचायची, मग सिनेमा बघायचा, मग परत पटकथा. त्या तिसऱ्या वाचनात कळतं की लेखकाने किती थोडं लिहिलेलं असतं.

तुझ्या 'नुसत्या बोलत बसतात' वर सांगायचंय. कथा लिहिणाऱ्यांना हे होतंच, कथेत मनातलं थेट लिहिता येतं ना, पटकथेत ती सोय नाही म्हणून आपण ते मनातलं सगळं तोंडात घालतो. माझ्याकडून हेच व्हायचं. समज तुझा सीन असा आहे:

आत. वडिलांची खोली. दुपार.
मोठी: बाबांच्या आजारपणात तू एकदाही राहायला आली नाहीस.
धाकटी: मला किती अडचणी होत्या तुला माहितीये का?
मोठी: अडचणी मलाही होत्या.

खरं सगळं बोलून झालं. आता पुढे काय? काहीच नाही, मग त्या आणखी बोलतात. आता हाच सीन असा लिहून बघ:

आत. वडिलांची खोली. दुपार.
जमिनीवर दोन खोकी. एक ठेवायचं, एक रद्दीचं. धाकटीच्या हातात औषधांच्या वेळा लिहिलेली वही. ती पानं उलटते. तारखा, गोळ्या, ताप. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच अक्षर.
धाकटी वही ठेवायच्या खोक्यात टाकते.
मोठी काही न बोलता ती उचलते आणि रद्दीत टाकते.
धाकटी: अजून काय राहिलंय वरच्या खोलीत?

भांडण तेच आहे, पण आता बघणाऱ्याला ते स्वतः ओळखायला लागतं. आणि वही पुढे वापरता येते, रात्री धाकटी रद्दीतून ती परत काढेल की नाही ही वाट बघणं सुरू झालं ना. तिसरा अंक म्हणतायत तो पुढचा प्रश्न म्हणजे हाच. मला हे कुठल्याही नियमाने नाही शिकवलं, एकेका चांगल्या पटकथेतला सीन हाताने उतरवून काढत शिकले. महिनाभर रोज एक सीन उतरव, टाइप नको, हाताने.

पुस्तक एकच सुचवते, विल्यम गोल्डमनचं 'अ‍ॅडव्हेंचर्स इन द स्क्रीन ट्रेड', १९८३ चं. त्यात 'बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड'ची त्याने लिहिलेली अख्खी पटकथा आहे. पण तुझ्यासाठी खरा खजिना शेवटी आहे. त्याने स्वतःचीच एक जुनी लघुकथा छापलीये, मग तिची पटकथा करून दाखवलीये, मग ती कॅमेरामन, संकलक, कलादिग्दर्शक, संगीतकार अशा एकेकाला वाचायला देऊन त्यांना काय वाटलं तेही छापलंय. दिग्दर्शक जॉर्ज रॉय हिल तर तिची चांगलीच चिरफाड करतो. दोन ऑस्कर मिळवलेल्या माणसाने आपल्या लिखाणाची चिरफाड स्वतःच्या पुस्तकात छापावी ही फार मोठी गोष्ट आहे. तू पण कथेवरूनच पटकथा करतेयस, तेव्हा हा भाग दोनदा वाच.

निळी शाई

बापरे, तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंय. वहीचा सीन वाचून मी पाच मिनिटं नुसती बसून होते. तू म्हटलं तर चालेल काय, म्हणच.

किल्ली आणि आठ तुकडे आजच करून बघते. विकण्याबद्दल कुणी सांगेल का? आणि सॉफ्टवेअर, फॉरमॅट वगैरे?

अर्धी ओळ

विकण्याबद्दल मी लिहितो, यात मी पोळलोय म्हणून.

पुस्तकांचं आधी सांगून टाकतो. डेव्हिड ट्रॉटियरचं 'द स्क्रीनरायटर्स बायबल' घ्या, पहिली आवृत्ती १९९४ ची, नंतर सुधारून बऱ्याच आवृत्त्या आल्यात त्यामुळे मिळेल ती सगळ्यात नवी बघा. फॉरमॅटचं सगळं त्यात एका जागी मिळतं आणि विकण्याचाही मोठा भाग आहे. फक्त एक लक्षात ठेवा, अशा पुस्तकांतला विकण्याचा भाग अमेरिकेतल्या धंद्यावर बेतलेला असतो, तिथले एजंट, तिथली लेखक संघटना, तिथली पत्रं पाठवायची पद्धत. शिवाय लिहिण्याचा भाग चाळीस वर्षं टिकतो, विकण्याचा पाचसात वर्षांत शिळा होतो. त्यामुळे त्यातली पत्त्याची पानं सोडा आणि एका ओळीत गोष्ट कशी सांगायची, एका पानात सारांश कसा लिहायचा, ओळख नसलेल्या माणसाला दहा ओळींचं पत्र कसं लिहायचं हे शिका, ते कुठेही चालतं.

ती एक ओळ, लॉगलाइन म्हणतात ती, पटकथा लिहायच्या आधी लिहा. कोण, त्याला काय हवंय, आड काय येतंय. 'दोन बहिणी घर रिकामं करतात' ही लॉगलाइन नाही. 'वडिलांचं घर चार दिवसांत रिकामं करायला आलेल्या मोठ्या बहिणीला कळतं की जिला ती पाठ फिरवणारी समजत होती ती धाकटी गुपचूप या घरात येत होती' ही झाली. (किल्ली तिसरा अंक यांची, मी उधार घेतलीये.) ही ओळ जमत नसेल तर अडचण पटकथेतच आहे असं समजा. मला हे कळायला दोन पटकथा लागल्या.

आता कागदपत्रांचं. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती ज्या शब्दांत मांडली त्या मांडणीवर असतो. म्हणून नुसती कल्पना कुणाला तोंडी ऐकवून आलात तर हातात काही राहत नाही, पूर्ण लिहिलेली पटकथा आपल्या नावावर नोंदवा, नोंदणीची तारीख असलेला कागद ठेवा आणि मगच पाठवा. कुणाला कधी कुठला ड्राफ्ट पाठवला ते मेलवरच असू दे, उत्तर आलं तर तेही जपून ठेवा.

आणि ऑप्शन. पटकथा कुणी लगेच विकत घेत नाही, बहुतेक वेळा ठराविक मुदतीसाठी हक्क राखून ठेवतात. म्हणजे एवढे महिने तुम्ही ही दुसऱ्या कुणाला देणार नाही, तोवर मी पैसे उभे करतो. अमेरिकेत साधारण १२ ते १८ महिने असा रिवाज आहे आणि त्याचे पैसे खरेदीच्या रकमेच्या १० टक्क्यांच्या आसपास. मुदत संपली आणि खरेदी झाली नाही तर पटकथा परत तुमची. मी पहिल्या वेळी जो कागद सही केला त्यात मुदतच नव्हती. एक पैसाही नव्हता. निर्माता फार गोड बोलला, माझं लिखाण कुणीतरी पहिल्यांदाच इतक्या आत्मीयतेने वाचलं होतं, मी तिथेच बसून सही केली. चार वर्षं ती पटकथा त्याच्याकडे पडून राहिली, सिनेमा झाला नाही आणि मला दुसरीकडे दाखवताही येईना. शेवटी वकिलाकडून पत्र गेलं तेव्हा सुटली, तोपर्यंत त्याच विषयावर दुसऱ्या कुणाचा सिनेमा येऊन गेला होता. अजून त्रास होतो आठवलं की.

तेव्हा सही करण्याआधी चार गोष्टी बघा, मुदत किती, मुदतीचे पैसे किती, पुनर्लेखन किती वेळा आणि त्याचे पैसे वेगळे की नाही, आणि पडद्यावर नाव कसं येणार. 'सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी' असे शब्द दिसले की कागद घरी न्या आणि जाणकाराला दाखवा. घरी नेऊ देत नसतील तर उठून या. आणि पटकथा वाचायचे किंवा 'वरपर्यंत पोचवायचे' पैसे कुणी तुमच्याकडे मागितले तर देऊ नका. नीट लिहून अभिप्राय देणारे लोक असतात, त्यांची फी वेगळी, ती कशाची हे स्पष्ट असतं.

गोल्डमनचं पुस्तक मीही सुचवेन, वेगळ्या कारणासाठी. कुठला सिनेमा चालेल हे या धंद्यात कुणालाच आधी माहीत नसतं असं तो छातीठोकपणे सांगतो. माझ्या पटकथेला नकार आले त्या वर्षी ते वाचलं आणि परत लिहायला बसलो.

रीळ

फॉरमॅटचं पटकन सांगतो. सॉफ्टवेअरवर अडून राहू नका. 'फाउंटन' नावाची एक साधी पद्धत आहे, कुठल्याही साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहायचं, सीनची ओळ, पात्राचं नाव, संवाद आणि नंतर ते पटकथेच्या मांडणीत बदलून मिळतं. सुरुवातीला तेवढं पुरतं.

एक मिनिट म्हणजे एक पान हा हिशोब १२ पॉइंट कुरिअर फॉन्टवर बसवलेला आहे, त्यात प्रत्येक अक्षराची रुंदी सारखी असते. देवनागरीत तसं नसतं, त्यामुळे पानं मोजून लांबी ठरवू नका. घड्याळ लावून मोठ्याने वाचा, मधल्या हालचालींना थांबत थांबत. तुमच्या ४५ पानांचे कदाचित ६० मिनिटं होत असतील, मग अडकण्याची जागाच वेगळी निघेल.

निळी शाई

रीळ, आत्ताच वाचून आले! पहिल्या मसुद्याची ४४ पानं, ५८ मिनिटं. म्हणजे मी दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला नाही, चक्क मध्यावर अडकतेय, आणि तिथे काही घडतच नाही.

अर्धी ओळ, तुमचं वाचून फार वाईट वाटलं, पण लिहिलंत त्याबद्दल खरंच आभार. तर आता आधी गुलिनो, मग एग्री, रोज एक सीन हाताने, आणि मकी ड्राफ्टनंतर. एकच विचारायचंय तिसरा अंक यांना, किल्ली घेऊ का मी? ती डोक्यातून जातच नाहीये.

तिसरा अंक

अहो घ्या की, तुमचीच आहे. मध्यावर काही घडत नाही म्हणताय तर तिथेच वापरा. पहिल्या दिवशी फक्त किल्ली दाखवा आणि मोठीला ती दिसू दे, पण विचारू देऊ नका. ५८ व्या मिनिटाला तिने विचारावं. आणि धाकटीने खोटं सांगावं.